मॅटिंग उचला, ब्रेक दिसेल

संध्याकाळी जबलपूरच्या कमानिया गेटकडून बडा फुहाऱ्याकडे गाडी काढून बघा. दहा पावलं पुढे, की ब्रेक. ई-रिक्षा आडवी, की ब्रेक. गाय मधोमध बसलेली, की ब्रेक. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभ्या असलेल्या या कमानीभोवतीचा बाजार मोटारींसाठी वसलेलाच नाही. इथे तुमच्या जुन्या गाडीचं इंजिन किती ताकदीचं आहे हे कोणी विचारत नाही. म्हटल्याबरोबर ती थांबते का, एवढाच प्रश्न असतो. तरी जुनी गाडी घरी आली की आपला पहिला खर्च सीट कव्हरवर होतो, कारण ते चार लोकांना दिसतं.

जबलपूरकरांना जुन्या गाड्यांचं वेड असलं तर त्यात नवल नाही. १९६९ साली उभ्या राहिलेल्या इथल्या व्हेइकल फॅक्टरीत शक्तिमान ट्रक बनले, निसानचे एक टनी बनले आणि जोंगा बनली. जोंगा म्हणजे ‘निसान पॅट्रोल’चा परवान्यावर बनवलेला भारतीय अवतार. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वर कॅनव्हासचं छत. तिचं नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. १९९९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं, पण सैन्याच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा अजून अंगणाअंगणांत आहेत. त्यांच्या शेजारी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, नाहीतर उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर. घडण तिघींची वेगळी, पण जुन्या नमुन्यांत एक गोष्ट सारखी सापडते: चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सगळ्यांना तेल पुरवणारा एकच मास्टर सिलिंडर. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

म्हणून कामाचा क्रम असा धरावा: आतलं सामान काढणं सर्वांत आधी, ब्रेक मधे, आणि बैठक सर्वांत शेवटी. ब्रेकच्या दुखण्याच्या खुणा मॅटिंगखालीच सापडतात. ब्रेक ऑइलचा एक ओघळ नवा रंग आणि नवं रेक्झिन दोन्ही खराब करतो. आणि तळाच्या पत्र्याला वेल्डिंग लागलं, तर नव्या सीटवर ठिणग्या उडवून घेण्यात काही शहाणपण नाही.

तयारी

सपाट, पक्की जमीन हवी. जॅक फक्त गाडी उचलायला असतो. उचललेली गाडी नेहमी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर ठेवा. विटांची चळत चालणार नाही, वीट न सांगता फुटते. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा. जोंगाचं चाक जड असतं, ते एकट्याने उतरवू नका.

आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. ड्रमचा जास्तीत जास्त व्यास, पेडलची मोकळी हालचाल, नट किती आवळायचे, हे आकडे त्यातूनच घ्यायचे. या लेखातून पद्धत मिळेल, आकडे नाहीत.

कागदपत्रांचा विचारही आताच करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अट. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, मात्र ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रोज बाजारहाट करायचा असेल तर आधी हे ठरवा. दोन्ही बाबतींत काढलेले मूळ भाग टाकू नका. खोक्यात घालून नाव लिहून माळ्यावर ठेवा.

आतलं सामान काढणं

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडण्याचं. सैन्यातून आलेली गाडी असेल तर यंत्रणा १२ व्होल्टची आहे की २४ची, ते बघून ठेवा. पुढे बल्ब घेताना उपयोगी पडेल.

मग मोबाइलवर फोटो काढा. दाराचं हँडल कोणत्या कोनात होतं, सीटखालची पट्टी कुठल्या बाजूला होती, हे आज पाठ वाटतं आणि महिन्याभराने आठवत नाही. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर जागेचं नाव लिहा. सीटचे बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा. तरीही हलत नसतील तर थोडं आवळून मग सोडवा. आटे गेलेला सीटचा बोल्ट परत वापरू नका. अपघातात माणसाचा भार त्याच्यावरच येतो.

मॅटिंग उचललंत की टॉर्च घेऊन चालकाच्या पायांपाशी बघा. मास्टर सिलिंडर मागच्या बाजूने गळत असेल तर तेल पेडलच्या दांड्यावरून आत उतरतं. तिथला रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, जागा बोटाला ओशट लागते. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये तर मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालीच असतो. तळावरची झाकणी काढून त्यात तेल घालावं लागतं. ती झाकणी मॅटिंगखाली गेली की वर्षानुवर्षं तेलाची पातळी कोणी बघत नाही.

तळाचा पत्रा

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा पत्रा ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोक दाबून बघा; आरपार गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. वर फायबर किंवा डांबराचं ठिगळ लावलं तर गंज खालून पसरतच राहतो. वेल्डिंग माहीतगाराकडून करून घ्या. त्याआधी खालून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाईप कुठून जातात ते बघा आणि जवळचे काढून ठेवा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर तीही उतरवा.

नंतर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, प्राइमर द्या, सांध्यांत सीलर भरा आणि रंग द्या. तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतात, त्यांत सीलर जाऊ देऊ नका. नवं मॅटिंग इतक्यात घालू नका. आता ब्रेक.

ड्रम उघडताना

हँडब्रेक सोडा आणि शूचे ॲडजस्टर पूर्ण सैल करा. वापराने ड्रमच्या आत कडा पडलेली असते, तिच्यात शू अडकतो. सैल न करता ड्रम ओढला तर शू आणि स्प्रिंग दोन्ही वाकतात. ड्रमच्या तोंडावर बोल्ट घालायची दोन आट्यांची भोकं असली तर त्यांत बोल्ट सारखे आवळत जा, ड्रम आपोआप बाहेर येतो. नसतील तर लाकडी ठोकळा ठेवून कडेकडेने ठोका.

आतली काळी भुकटी फुंकू नका, आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. मास्क लावा, पाणी शिंपडून सगळं भिजवा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आपल्याकडे गॅरेजांत या भुकटीवर सर्रास हवा मारतात. आपण तरी मारू नये.

एका वेळी एकच चाक उघडा. शूच्या स्प्रिंगा कोणत्या भोकात होत्या याची शंका आली की पलीकडचं न उघडलेलं चाक बघता येतं. दोन शूंपैकी कोणता पुढचा, कोणता मागचा, ते खडूने लिहा. काही गाड्यांत दोघांच्या लायनरची लांबी वेगळी असते.

लायनर रिव्हेटचा असेल तर रिव्हेटची टोपी पृष्ठभागाच्या जवळ आली की लायनर संपला. तेलाने किंवा ग्रीसने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन वापरणारे बरेच भेटतील. तेल आत मुरलेलं असतं, तापलं की बाहेर येतं आणि ते चाक ब्रेक धरेनासं होतं. असा लायनर बदलाच, आणि बदलताना त्याच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचा बदला. एकाच बाजूचा बदलला तर गाडी बाजूला खेचते.

ड्रमवर खोल रेघा असतील किंवा तो गोल राहिला नसेल तर लेथवर घ्यावा लागतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या व्यासापुढे मात्र नाही. घेतलेल्या ड्रमला नवा शू सगळीकडे टेकतो का, ते तपासायची सोपी रीत आहे. ड्रमच्या आतून खडू फासा, शू हाताने दाबून थोडा फिरवा. खडू फक्त मधे लागला किंवा फक्त टोकांना लागला, तर त्या जागा कानशीने हलक्या घासा, पुन्हा फासा, पुन्हा बघा. हे करतानाही मास्क आणि ओलं फडकं हवंच.

सिलिंडर आणि पाईप

व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने किंचित उचला. आत कोरडं असेल तर ठीक. ओल दिसली तर सिलिंडर उघडायचा. पिस्टन काढून आतली भिंत उजेडात धरा आणि नख फिरवा. नख अडलं तर तिथे खड्डा आहे, आणि नवं रबरी किट घातलं तरी तो सिलिंडर गळणार. अशा वेळी नवा सिलिंडर घ्या, किंवा मिळत नसेल तर जुन्याला आतून स्लीव्ह बसवून घ्या. पॉलिशपेपरने खड्डा घासून गुळगुळीत केला तर भोकच मोठं होतं. मास्टर सिलिंडरलाही हीच कसोटी.

धुण्यासाठी ब्रेक ऑइल किंवा मिथिलेटेड स्पिरिट वापरा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांतलं काहीही या रबराला लागू देऊ नका. ते फुगतं, आणि मग पिस्टन मागे सरत नाही. नवे वॉशर बसवताना त्यांना ब्रेक ऑइल लावा, आणि वॉशरचं उघडं तोंड दाबाच्या बाजूला, म्हणजे तेलाकडे, असल्याची खात्री करा.

रबरी होज पाईप बाहेरून बरे दिसले तरी वयाचा अंदाज नसेल तर सगळे बदला. आतून फुगलेला होज तेल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. मग एकच चाक तापत राहतं. लोखंडी पाईप गंजले असतील तर पोलादी किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचे करून घ्या. साधा तांब्याचा पाईप कंपनाने तडकतो. टोकांना दुहेरी फ्लेअर हवा, एकेरी नाही.

तेल भरणं आणि हवा काढणं

बाजारात मिळणारं डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर हा आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. आत वाफ झाली की पेडल स्पंजासारखं दबतं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून सीलबंद डबाच घ्या, आणि मागच्या पावसाळ्यात उघडलेल्या डब्यातलं तेल वापरू नका. डॉट ५ सिलिकोनचं असतं. ते या दोघांत मिसळायचं नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं असतं. हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडलवर घरातलं कोणीतरी बसवा आणि शब्द आधी ठरवून घ्या: “दाब”, “धर”, “सोड”. “दाब” म्हटलं की पेडल खाली, निप्पल उघडा. तेल आणि बुडबुडे निघून थांबले की “धर”, निप्पल बंद. मगच “सोड”. निप्पल उघडं असताना पेडल सुटलं तर सगळी हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा, आणि चार-पाच दाबांनंतर ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. टाकी रिकामी झाली तर मुळापासून सुरुवात. बाटलीत आलेलं तेल परत टाकीत ओतू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं पुसू नका.

त्यानंतर ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळा, पेडल एकदा जोरात दाबून शू मधोमध बसू द्या, आणि चाक मोकळं फिरेपर्यंत परत सैल करा. पुढच्या चाकांत दोन सिलिंडर असतील तर ॲडजस्टरही बहुधा दोन असतात; एक विसरला तर पेडल खोल जातं. पेडलला थोडी मोकळी हालचाल हवीच. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि गाडी चालता चालता आपोआप ब्रेक धरत जाते.

चाचणी

गाडी उभीच ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. जबलपूरचा मिस्त्री अशा वेळी विचारतो, “पैडल बैठ तो नहीं रहा?” हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आत गळती आहे. स्पंजासारखं लागत असेल तर हवा राहिली आहे. दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल तर शू फार सैल आहेत, किंवा हवा आहे. ब्रेकचा मागचा दिवा लागतो का तेही बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याचा स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो, आणि वायर आपण काढलेल्या मॅटिंगखालून गेलेली असते.

मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने, नंतर २० च्या, नंतर ४० च्या वेगाने थांबून बघा. सुरुवातीला एक हात हँडब्रेकपाशी असू द्या. गाडी डावीकडे खेचत असेल तर उजव्या बाजूच्या चाकांकडे बघा, तिथला ब्रेक कमी धरतोय. थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन ऊब घ्या, थेट टेकवू नका. एकच ड्रम तापला असेल तर तिथला शू सुटत नाही. काही गाड्यांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच्या वेगळ्या ड्रमवर असतो. तो उभ्या गाडीसाठीच वापरा, धावत्या गाडीत अगदी निकड असेल तरच. आणि घरी केलेलं ब्रेकचं काम गर्दीत नेण्याआधी एकदा जाणत्या मिस्त्रीला खालून दाखवा.

बैठक

आता सीट. जुनं कव्हर फाडून फेकू नका, तोच तुमचा नमुना आहे. उसवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर मागून नंबर लिहा, गाडीच्या तोंडाच्या दिशेने बाण काढा, आणि शिवणीच्या आरपार दर १० सेंटिमीटरला पेनने छोटी रेघ मारा. उसवल्यावर या रेघेचा अर्धा भाग एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर राहतो. नव्या कापडावर त्या उतरवून घेतल्या की शिवताना रेघेला रेघ जुळते आणि गोलाईवर चुण्या पडत नाहीत. शिवणीची जागा धरून कापायला विसरू नका. जुना तुकडा ताणलेला असेल तर कापण्याआधी तो सपाट करून उजव्या-डाव्या तुकड्याशी ताडून बघा.

आत बहुधा स्प्रिंगा, त्यावर तरट, त्यावर काथ्या किंवा कापूस सापडेल. स्प्रिंग तुटली असेल तर ती बदला, नुसती तारेने बांधू नका. सांगाडा घासून रंगवा. तरट कुजलं असेल तर नवं ताणून शिवा, नाहीतर स्प्रिंगा फोम कापतात. काथ्या चांगला असेल तर उन्हात झटकून तोच घाला. वरून फोम घालायचाच असेल तर घट्ट, ४० डेन्सिटीच्या आसपासचा, आणि पातळ. जाड फोमने चालक उंच बसतो, पेडलचं अंतर बदलतं आणि जुन्या सीटचा आकारच जातो.

कापणं घरी होतं. शिवणं बहुधा होत नाही. रेक्झिनचे दोन थर आणि मधे पायपिंग घरच्या मशिनला झेपत नाही. नंबर घातलेले तुकडे कुशनवाल्याकडे द्या आणि दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा म्हणा. कव्हर चढवण्याआधी ते उन्हात ठेवा, मऊ होतं. मधून कडांकडे ताणत जा आणि समोरासमोरच्या बाजू थोड्या थोड्या आवळा.

दाराचं पॅनल काढलेलंच आहे, तर दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी करा. पॅनलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवा, त्याचं खालचं टोक दाराच्या आतच सोडा. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी मग पॅनलला लागत नाही. खाली फेल्टचं जाड मॅटिंग चिकटवून टाकू नका, उचलता येईल असं घाला. जोंगात तर रंगवलेला पत्रा आणि रबरी मॅट एवढंच बरं. कॅनव्हासचं छत ओलं असताना घडी घालू नका, बुरशी धरते.

नंतरची काळजी

ब्रेक ऑइलच्या टाकीजवळ एक पट्टी चिकटवून तेल भरल्याची तारीख लिहा आणि दोन वर्षांनी ते बदला. पावसाळा संपला की मॅटिंग उचलून पत्रा वाळवा आणि पेडलच्या दांड्यावर बोट फिरवा. पावसाळ्यात गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतो; गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना उटी लावा.

दोन्ही कामांचे पैसे एकदम जमले नाहीत, तर ब्रेक करून घ्या आणि सीटवर तोवर जुनी चादर अंथरा.